छापलेली हळद

लेकीच्या लग्नपत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना लावायची हळदसुद्धा घरच्या नव्या प्रिंटरवर छापायची, असा तांबरमच्या श्रीहरीचा हट्ट होता.

"हळद बोटानं लावायची असते," त्याची बायको वसंता म्हणाली.

पण पिवळा रंगच उमटेना. त्याने पिवळं कार्ट्रिज काढलं, कोमट पाण्याने पुसलं आणि खिडकीत वाळत ठेवलं. जेवून उठल्यावर बटण दाबलं.

पत्रिका बाहेर आली. चारी कोपरे पिवळेधमक.

"बघ, छापली की नाही?" श्रीहरीची छाती फुगली.

वसंताने कोपऱ्यावरून बोट फिरवून नाकाशी नेलं. "ही शाई नाही हो. हळद आहे, ओली."

तो हसला आणि पत्रिका उजेडात धरायला खिडकीशी गेला.

कार्ट्रिज तिथेच वाळत होतं.

मागे प्रिंटरने दुसरा कागद आत ओढला.