पाळीवरची तीनचाकी

१९७६ सालच्या हिवाळ्यातला रविवार. गोरेवाडा तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, पक्षी बघायला आठ जण जमले होते. त्यांतली प्रेमलता हातानं चालवायच्या तीनचाकीवर आली होती. लहानपणी पोलिओनं तिचे पाय गेले होते.

"तुम्ही इथंच थांबा, बाई," खाकी टोपी सारखी करत गटाचे म्होरके मधुकरराव म्हणाले. "आमच्यासोबत चालणं तुमच्यानं होणार नाही. अन् या चाकायच्या खडखडीनं सारे पाखरं उडून जातीन."

सातही जण झाडांच्या आडून दबकत निघाले. पन्नास पावलांवरच चक्रवाकांचा अख्खा थवा उठला आणि पलीकडच्या काठाला जाऊन बसला.

प्रेमलतानं कोणाला विचारलं नाही. पाळीवरून खडखडत ती थेट त्या काठाला गेली. चक्रवाकांची जोडी तिच्यापासून दहा हातांवर निवांत पंख साफ करत राहिली.

ती परतल्यावर मधुकररावांनी विचारलं, "तुमाले पाहून काहून नाही उडाले?"

"बंदूकवाले पायी येतात, दबकत. गाडीवर तलावातले शिंगाडे काढणारे येतात, रोज," ती म्हणाली. "पाखरायले दोघंही पाठ आहेत."

पुढच्या रविवारी तीनचाकी सगळ्यात पुढे निघाली. तिच्या आडोशानं सात माणसं कमरेत वाकून, एकामागं एक चालली होती. चक्रवाक जागचे हलले नाहीत. अर्ध्या वाटेत मागून मधुकररावांचा धापा टाकणारा आवाज आला.

"बाई, जराक सावकाश. तुमच्यासोबत चालणं आमच्यानं होऊन नाही राहिलं."