वळणावरची रास

छकुलीच्या सासरहून सावित्राबाई घाट चढून परत येत होती. लेक कोकणात दिलेली, त्यामुळे ही जुनी घाटवाट तिच्या पायाखालची. एसटी लांबून फिरून जाते, ते तिला कधी पटलं नाही. कातळात खोदलेल्या पायऱ्या संपल्या की एक अवघड वळण येतं आणि वळणावर दगडांची रास. वाटेत कुणाचा जीव गेला तर येणाऱ्या-जाणाऱ्याने त्या जागी दगड टाकायचा, ही इकडची रीत. ही रास तिच्या नवऱ्याची होती. लाकडाची मोळी घेऊन उतरताना इथेच त्याचा पाय सुटला होता.

आधी रास गुडघ्यालाही लागत नव्हती. लोणावळ्याकडून शहरातली पोरं-पोरी पाठीवर सॅक अडकवून यायला लागली आणि बघता बघता ती कमरेएवढी झाली. सावित्राबाईला त्याचं केवढं अप्रूप. ना ओळख ना पाळख, तरी माझ्या माणसासाठी वाकून दगड उचलतात, असं ती वाडीभर सांगत सुटायची. त्यांना वाट दाखवणारा तिचाच मुलगा, संदीप. पोराने बापाची आठवण राखली म्हणून ती मनातून फुलून जायची.

आज वळणाच्या जरा खाली ती दम खायला टेकली, तर वरून संदीपचा आवाज आला.

"तर या जागी सरदाराचा घोडा पडला. पांढराशुभ्र. सरदार वाचला, घोडा गेला. म्हणून इथे दगड टाकायचा. टाकला की घोडा आपल्याला सांभाळून खाली नेतो."

पोरं हसली. दगडावर दगड पडू लागले. एकजण घोड्यासारखा खिंकाळला, तशी बाकीची आणखीच हसली.

ऐकण्यात काही चूक झाली असेल, असं सावित्राबाईने स्वतःला समजावून पाहिलं. मग खडकाला धरून कशीबशी वर आली. तिला पाहून संदीपचा चेहरा पांढराफटक पडला. तो चटकन पुढे झाला आणि तिच्या कानाशी लागला.

"आये, मानूस पडला म्हनलं तर हितनं खाली कोन उतरंल? माजं काम जाईल."

तिने राशीकडे पाहिलं. एवढी मोठी रास, आणि तिचे नि वाडीतल्या चार माणसांचे दगड सोडले तर सगळी घोड्याची. आणि हे तिने कौतुकाने जगाला सांगितलं होतं.

"मावशी, तुम्ही इथल्याच ना?" तेजल नावाची एक पोरगी मोबाइल धरून पुढे आली. "या घोड्याबद्दल तुम्हाला काही माहितीये?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. संदीपने मान खाली घातली. आता तिच्या एका शब्दाची काय ती देर होती.

सावित्राबाईने डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. एक दगड उचलला, पदराने पुसला आणि न फेकता राशीवर अलगद ठेवला.

"व्हय," ती म्हणाली. "लय गुनाचा व्हता."