कॅमेऱ्याला झाकण

"लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला झाकण द्या म्हणावं," पाटणकरकाकू म्हणाल्या. "कोण कुठून बघत असेल, काय नेम!"

काय सुधारणा हव्यात, हे गिऱ्हाइकांना विचारायला लॅपटॉपच्या कंपनीने दुकानदार यशोधनला सांगितलं होतं. "तुम्हाला कोण बघतंय, काकू?" तो हसला, पण मनात पाल चुकचुकली. बाईंना लपवायचं तरी काय असेल?

काकूंनी दुरुस्तीला आणलेला लॅपटॉप उघडला. कॅमेऱ्यावर लाल टिकली चिकटवलेली होती. "परवा हळदीकुंकवाला तुझ्या बायकोनंच शिकवलं आम्हा सगळ्यांना."

यशोधनचं हसू मावळलं. बायको घरी काय करते, कुणाशी बोलते, हे तो दुकानात बसून तिच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून गुपचूप बघायचा. परवापासून नुसता काळोख दिसत होता. 'कॅमेरे लवकर बिघडतात,' अशी सूचना त्याने स्वतःच कंपनीला धाडली होती.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "जेवायला येताय," तिने विचारलं, "की तिथूनच बघणार?"