खरा दाखला

दोन महिन्यांपूर्वी दिलेला रहिवासी दाखला तानुबाईच्याच हातात पाहून ग्रामसेवक मुंजाजीरावांनी कपाळाला हात लावला. निराधार योजनेचे अर्ज घ्यायचा आज शेवटचा दिवस होता. आज चुकलं, की एकट्या म्हातारीची मदत वर्षभर लांबणार होती.

“मावशी, हा तहसिलीत द्यायचा होता. घरात कशाला ठेवला?”

“ह्यो तर फुकटचा हाय, भाऊसाहेब. खरा द्या की.” तिनं भुईमुगाच्या शेंगांची पिशवी टेबलावर ठेवली.

“खराच आहे. सही माझी, शिक्का ग्रामपंचायतीचा. उचला ती पिशवी. मी कुणाचं काही घेत नसतो.”

“आधीचे भाऊसाहेब कोंबडी घ्यायचे, काम बी व्हायचं. तुमी घेईनात, मंजी तुमच्या मनात द्यायचंच न्हाई.”

मुंजाजीरावांनी परोपरीनं समजावलं, हात जोडले, शेवटी आवाजही चढवला. तहसिलीला जाणारी परभणीची एसटी यायची वेळ झाली, तरी म्हातारी जागची हलेना. मग मात्र त्यांनी वैतागून पिशवी ओढली, खुर्चीखाली सारली आणि तोच दाखला घडी घालून तिच्या हातात दिला.

तानुबाईचा चेहरा उजळला. “आता कसं बोललाव!” पदर सावरत ती निघाली आणि दारात थांबली.

“समद्यायला सांगते बगा, भाऊसाहेब घ्यायला लागले म्हून. तुमी आल्यापासूनचे दाखले घरोघर तसेच पडून हायेत.”