धार लावलेला स

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी अविनाश गावंडला पुन्हा 'स' ऐकू आला.

कॉम्प्युटर वाचत होता, "संस्थेची सर्वसाधारण सभा शनिवारी सायंकाळी." एकही अक्षर गळलं नाही. अविनाशने ते वाक्य तीनदा वाचून घेतलं, हेडफोन मानेवर सरकवला आणि शेजारी बसलेल्या जास्मीनला म्हणाला, "आला. अडीच महिन्यांनी आला."

अविनाश जन्मापासून अंध. वय सत्तेचाळीस. पनवेलच्या एका पतसंस्थेत टेलिफोन ऑपरेटर, राहायला विचुंब्यात. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या एका मोफत प्रोग्रामवर त्याचं सगळं चालतं. तो वापरणाऱ्या दोनशे अंधांचा ग्रुप अविनाशच सांभाळतो. कुणाचं काही अडलं की फोन त्यालाच. त्याच्या कानाची ग्रुपवर ख्याती होती. तो ज्या वेगाने ऐकायचा, त्या वेगात डोळसांना नुसती माशी घोंगावल्यासारखं वाटे.

दसऱ्याच्या सुमारास त्याने तक्रार नोंदवली, की मराठी आवाज स, श आणि फ खातो. त्याने प्रोग्राम काढून पुन्हा बसवला. हेडफोन बदलला, मशीन बदललं. दोन वर्षांपूर्वीची आवृत्ती लावून पाहिली. तिच्यातही तेच निघालं, तेव्हा दोष मुळापासून आहे असा निष्कर्ष त्याने काढला. ऑफिसातली फोनची लाइनही हल्ली खराब झाली होती; लोकांना आडनाव दोनदा विचारावं लागे. त्याचं त्याला फारसं वाटलं नाही. धास्ती वाटली ती या आवाजाची. तो असाच बिघडत गेला तर वाचन सुटणार, आणि वाचन सुटलं तर नोकरी.

मराठी आवाजाचं काम कामोठ्याचा देवेश नावाचा डोळस इंजिनियर सुट्टीच्या दिवशी फुकट करतो. त्याला दोष सापडेना. पण ग्रुपवर चौदा जणांनी 'आमच्याकडेही' असं लिहिलं होतं, आणि अविनाशसरांचा कान आपल्यापेक्षा चांगला, याबद्दल त्याला शंका नव्हती. चार रविवार घालून त्याने स, श, फ या अक्षरांना धार लावली. नवी आवृत्ती आज दुपारी सगळ्यांकडे गेली.

"तूपण लाव," अविनाश म्हणाला.

जास्मीनही अंध. बँकेच्या परीक्षेच्या तयारीसाठी दर रविवारी पनवेलहून रिक्षाने त्याच्याकडे येते. तिने आपल्या लॅपटॉपचा हेडफोन कानाला लावला आणि लगेच काढला.

"सर, ही काय शिट्टी. कान फाटला माझा."

"खराब ऐकायची सवय झालीये तुला."

"मला तर आधीचाच बरा होता."

"मग 'आमच्याकडेही' म्हणून लिहिलं होतंस ते?"

"तुम्ही म्हणालात म्हणून, सर."

अविनाश हसला. "म्हणजे उद्या मी म्हटलं, कर्नाळ्याचा किल्ला गायब झाला, तर तू लिहिणार, आमच्याकडेही."

"तुम्ही म्हटल्यावर लिहायलाच लागेल ना."

ग्रुपवर मेसेज यायला लागले. आधी पाच, मग सोळा, पाऊण तासात एकतीस. स टोचतोय. कान दुखला. उरणच्या गोरखने लिहिलं, सर, हा आवाज आहे की कुकर. अविनाशने सुरुवातीला प्रत्येकाला उत्तर दिलं. आवाज कमी करा, हेडफोन बदलून बघा, मशीन बंद करून चालू करा. मग त्याची बोटं थांबली. एकतीस जण एक सांगतात आणि एकजण दुसरं, तर आधी त्या एकाचं मशीन तपासायचं, हे ग्रुपला त्यानेच शिकवलं होतं.

"तुझा हेडफोन माझ्या मशीनला लाव," तो जास्मीनला म्हणाला.

तिने लावला. "इथेपण तसंच टोचतंय, सर. आणि तो खालचा डबा बंद करा ना. दर रविवारी डोकं उठवतो तो."

"कुठला डबा?"

"यूपीएस. बॅटरी गेली की वाजतो ना, तसा बारीक वाजतोय. टी, टी, टी."

अविनाशने पंखा बंद करायला लावला. खालून डंपर गेला, तो ऐकू आला. स्वयंपाकघरातलं नळाचं पाणी ऐकू आलं. तो वाकला आणि टेबलाखाली, यूपीएसला गाल लागेल इतका कान नेला.

"आता वाजतोय?"

"आत्ताच वाजला की," जास्मीन म्हणाली. थोड्या वेळाने, जरा हळू आवाजात, ती म्हणाली, "आत्तापण."

"विनिता," त्याने तिथूनच बायकोला हाक मारली. "हा यूपीएस कधीपासून वाजतोय?"

"गणपतीपासनं," विनिता आतून म्हणाली. नळ बंद झाला. "मी म्हटलं, तुमच्या कॉम्प्युटरचंच काय तरी चाललं आसंल. तुमी काय बोलला नाय, म्हणून मी पन नाय बोलले."

अविनाशने चाचपून यूपीएसचा आवाज बंद करायचं बटण शोधलं. जास्मीन "बंद झाला" म्हणेपर्यंत ते दाबून धरलं.

पाच वाजून वीस मिनिटांनी देवेशचा मेसेज आला. सगळे जुना आवाज परत मागतायत, सर. तुम्ही सांगाल तसं करतो. कॉम्प्युटरने तो वाचला. त्यातला प्रत्येक स अविनाशला स्वच्छ ऐकू आला. त्याने तो मेसेज पुन्हा एकदा वाचून घेतला आणि उत्तर टाइप केलं. जुना परत आण. दोष आवाजात नव्हता.

मग कशात होता, सर? देवेशने लगेच विचारलं.

सोमवारी सकाळी जुना आवाज सगळ्यांच्या मशीनवर परत गेला. अविनाशने तो स्वतःच्या मशीनवरही बसवला. देवेशच्या प्रश्नाला त्याने अद्याप उत्तर दिलेलं नाही.