वीस वाचकांचं पुस्तक

खोटं वाटेल, पण प्रकाशकानं वामनरावांनी लिहिलेलं एकुलतं एक पुस्तक प्रताप नगरच्या वाचनालयाला ई-बुक म्हणून विकलं, तेही छापील प्रतीच्या तिप्पट भावात. वर अट अशी की एका वेळी एकच वाचक, आणि वीस वेळा नेलं की पुस्तक गायब. पाहिजे तर पुन्हा विकत घ्या.

दोन वर्षांत वीस वेळा ते नेलं गेलं. वीसही वेळा नेणारे वामनरावच.

"काहून हो काका, सोताचंच पुस्तक किती वाचून राहिले?" ग्रंथपाल मयुरानं विचारलं.

"मागणी दिसली तरच तुमची कमिटी पुन्हा घेईन ना वं! आन् घरी माह्याशी बोलाले दुसरं आहे तरी कोण?"

कमिटीला मागणी दिसली, पुस्तक पुन्हा आलं. बेसा भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये वामनरावांनी सवयीनं फोन उघडून पुस्तकाच्या नावावर बोट ठेवलं. स्क्रीनवर अक्षरं उमटली:

"हे पुस्तक सध्या दुसऱ्या वाचकाकडे आहे. रांगेत नाव लावायचं?"



वामनरावांनी 'नको' दाबलं आणि फोनला हळूच म्हणाले, "सावकाश वाच गा बाप्पा, मले काही घाई नाही."