तिसऱ्यांदा जमलेली बिअर

एकनाथराव कधी दारूला शिवलेही नव्हते. पण दोन वर्षं घरी न फिरकलेल्या मुलाला, देवांगला, बिअर आवडते एवढं त्यांना माहीत होतं. म्हणून श्रूजबरी गावातल्या आपल्या घरी बेसमेंटमध्ये त्यांनी ती करायला घेतली. पहिल्यांदा मिश्रण गरम असतानाच यीस्ट घातलं, ते मेलं. दुसऱ्यांदा बाटल्या नीट धुतल्या नव्हत्या, बिअर आंबट झाली. तिसरी जमली, तेव्हा त्यांनी फोन केला आणि देवांग चक्क आला.

त्यांनी ग्लास पुढे केला. देवांगने तो घेतला नाही.

"पिणं हाताबाहेर गेलं होतं, म्हणून तोंड दाखवत नव्हतो. सोडून चौदा महिने झाले, बाबा. आज तेच सांगायला आलो होतो." तो जिन्याकडे वळला. "वर बसू या का? हा वास मला अजून झेपत नाही."